मासे लागत असताना

कुठे दुखतंय का, या प्रश्नाला रेनो माकीने "तसं काही नाही" असं उत्तर दिलं आणि ब्रीसाने त्याला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

ब्रीसा नर्स म्हणून चटपटीत होती, पण ॲरिझोनाहून मिनेसोटात येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. या खाणींच्या गावात 'तसं काही नाही'चा अर्थ काय होतो, ते तिला अजून कळायचं होतं. व्हर्ना लाहतीला ते पाठ होतं. सव्वीस वर्षं ती या इमर्जन्सीत टेक्निशियन होती. पट्ट्या बांधणं, रक्त काढणं, बंद पडलेली छाती दाबून दाबून चालू करणं, सगळं तिच्याकडे. रोगाचं निदान तेवढं डॉक्टरांचं काम.

ती रिकामी व्हीलचेअर ढकलत रेनोपाशी थांबली. सत्तरीचा गडी, निवृत्त खाणकामगार, बुटांवर अजून बर्फ चिकटलेला.

"तळ्यावरून आलास?"

"हं. जबडा जरा ठणकतोय. दातच असेल."

"मासे लागत होते?"

"बरे लागत होते. सकाळपासून पाच."

"आणि उठून आलास? गळ काढलास तरी का?"

रेनोने मान खाली घातली. "राहिला तसाच."

व्हर्नाला एवढं पुरे झालं. जानेवारीत मासे लागत असताना इथला पुरुष गोठलेल्या तळ्यावरून उठत नाही. घर पेटलंय म्हणून सांगितलं, तरी आधी गळाची दोरी गुंडाळेल. तिने रेनोला खुर्चीत बसवलं आणि तडक आत निघाली.

ब्रीसा आडवी आली. छातीत दुखत नाही म्हणतोय, त्याच्या आधी चारजण आहेत, ईसीजीचं यंत्र एकच, हे सगळं तिने नीट समजावून सांगितलं. व्हर्नाने तितकंच नीट ऐकून घेतलं.

"खरंय तुझं. कागद फुकट गेला तर माझ्या नावावर टाक."

तिने त्याचे तीन स्वेटर वर सारले, छातीवर तारा चिकटवल्या. "आता हलू नकोस. मासा यायची वाट बघतोस ना, तसा पडून राहा." रेनो असा निश्चल झाला की यंत्रालाही नवल वाटावं.

कागद बाहेर आला. रेघा ठिकठिकाणी फुगल्या होत्या. त्या वाचायचा तिला अधिकार नव्हता, म्हणून ती चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता निघाली. पेशंट बघत असताना पळायचं नाही, हा तिचा नियम. कुणाचा तरी अंगठा शिवत बसलेल्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर तिने कागद धरला.

"सही हवी. आत्ता."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.

वीस मिनिटांत हेलिकॉप्टर आलं. डुलुथच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला रेनोला उचलत होते, तेव्हा त्याने व्हर्नाची बाही धरली. "तो गळ..."

"मी बघते."

साडेतीनला ड्युटी संपली. व्हर्ना कोट चढवत होती, तर ब्रीसा धावत आली. डुलुथहून फोन होता. रक्तवाहिनी उघडली, पण माणूस भारी कटकट करतोय म्हणे. उशी दगडासारखी, कॉफी पाणचट.

"तक्रार करतोय?" व्हर्ना मनापासून हसली. "मग वाचला."

ब्रीसा घुटमळली. "उद्या मला शिकवाल? कोणाला काय विचारायचं ते?"

"सकाळी लवकर ये."

तळ्यावर ऊन कलत होतं. रेनोच्या उपड्या बादलीशेजारी बर्फातल्या भोकावर पातळ साय धरली होती. व्हर्नाने ती टाचेने फोडली, बादलीवर बसून हातमोजे काढले आणि दोरी गुंडाळायला लागली. गळ रिकामाच असावा, इतकी ती हलकी येत होती.

आठ वर्षांपूर्वी आर्विडने, तिच्या नवऱ्याने, याच तळ्यावरून तिला शेवटचा फोन केला होता. तसं काही नाही, म्हणाला होता. तिने उरलेली ड्युटी पुरी केली होती.

त्याचा गळ पुढे कुणी काढला, हे तिने कधीच कुणाला विचारलं नव्हतं.