टाकीकडची बाजू

रसूलभाईनं कढईवरून हात पुढं केला आणि ईरण्णानं झारा डाव्या हातात घेऊन त्याच्या पंजावर टाळी हाणली. पिठाचा शिंतोडा उडून रसूलभाईच्या दाढीला चिकटला.

“हरणारानं बाजारच्या दिवशी डबा बडवत बाजारभर फिरायचं,” ईरण्णा म्हणाला. “आन जितणारा सांगल ती दवंडी द्यायची. शब्द फिरवायचा न्हाय.”

“डबा कुणाचा?”

“तुझाच. आईलचा. दुसरं हाय काय तुझ्या दुकानात?”

“मग घासून ठेवतो लेका. तुझ्या गळ्यात शोभला पायजे.”

नळदुर्गच्या हायवेवर ईरण्णाचं भज्याचं हॉटेल आणि रसूलभाईचं पंचरचं दुकान, मधे एका पत्र्याचा आडोसा. बावीस वर्षं दोघं त्या पत्र्याच्या दोन्ही अंगांनी भांडत होते. ईरण्णाचं आजोळ अणदूरचं. त्यामुळं नळदुर्ग आणि अणदूरचा वार्षिक फुटबॉलचा सामना आला की ईरण्णा खायचा नळदुर्गचं आणि गायचा अणदूरचं.

पैज लावून नशिबाच्या भरवशावर बसणं मात्र रसूलभाईच्या रक्तात नव्हतं. ईरण्णाच्या पाटीवर ‘ताजी भजी’च्या आधी खडूनं ‘कालची’ लिहिणारा तोच. सामन्याच्या दिवशी दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं बघून त्यानं हातगाड्यावर पाण्याची दोन पिपं चढवली आणि शाळेच्या मैदानावर नेली.

मैदानाची एक बाजू पाण्याच्या टाकीकडची, दुसरी बाभळीकडची. टाकीकडं जमीन मुरमाड, घट्ट. बाभळीकडं काळी माती. नळदुर्गला सामना असला की नाणं उडवायचं नाही, असा अकरा वर्षांचा रिवाज होता. टाकीकडची बाजू यजमानाची आणि पाहुण्यांनी बाभळीकडून सुरुवात करायची. अणदूरला सामना असला की हाच हिशेब उलटा.

रसूलभाईनं दोन्ही पिपं बाभळीकडच्या गोलपुढं ओतली. काळ्या मातीनं पाणी गटागटा पिलं. मग त्यानं पाटीभर कोरडा फुफाटा वरून पसरला, पायानं सारखा केला आणि चार पावलं मागं सरून बघितलं. नव्या नवरीच्या तोंडाला पावडर लावावी तशी जागा कोरडी ठण दिसत होती. अणदूरचा गोली दोन-चारदा आपटणार, आणि हाफटाईमला आपली पोरं इकडं येईस्तोवर ऊन सगळं पिऊन टाकणार. रिकामी पिपं ढकलत तो शीळ घालत परत आला.

चार वाजता दोन्ही गावं मैदानाच्या कडेनं दाटली. माइक दरसालासारखा रसूलभाईच्या हातात. माइक हातात आला की त्याच्या जिभेला उकळी फुटायची. आज तर आयतं गिऱ्हाईक समोर होतं. नळदुर्गचा गोली दिग्विजय. गेल्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं होतं आणि बायको अणदूरची. तिचा सख्खा भाऊ अणदूरच्या पिवळ्या जर्सीत पुढं खेळायला उभा.

“मंडळी, ही म्याच न्हाय, व्याह्यांची भेट हाय!” रसूलभाई गरजला. “आपला दिग्या जावई हाय त्यांचा! पाव्हण्यांचा मान ठेवा रे पोरांनो, न्हायतर आज पोराला घरात जेवाय मिळायचं न्हाय!”

चारशे माणसं खदाखदा हसली. अणदूरचा कप्तान पक्का. तो हात जोडून पुढं आला.

“मान देताव न्हवं? मग टाकीकडची बाजू आमाला द्या.”

नळदुर्गचा कप्तान अमरसिंह क्षणभर घुटमळला. पण व्याह्यांनी भर पंगतीत मागितलेलं, नाही कसं म्हणायचं?

“घ्या पाव्हणं,” तो हसून म्हणाला. “तुमचाच मान.”

रसूलभाईच्या ओठावर आलेला पुढचा विनोद तिथंच वाळला. पांढरे हातमोजे घालून दिग्विजय बाभळीकडं पळत निघाला होता.

“थांबा!” माइकमधून निघालं.

सगळ्या माना वळल्या.

“काय झालं, चाचा?” अमरसिंहानं विचारलं.

“काय न्हाय,” रसूलभाई म्हणाला. “माइक टेस्ट.”

अकराव्या मिनिटाला मेव्हण्यानं बॉल मारला. मारला कसला, सोडला. लेकराकडं लोटावा तसा घरंगळत आला. दिग्विजय एक पाऊल पुढं आला, वाकला, आणि त्याचा पाय खालून कुणी ओढावा तसा गेला. तो पाठीवर पडला. बॉल त्याच्या गुडघ्याला घासून आत गेला आणि जाळीत जाऊन गप बसला. पुढचा सगळा वेळ नळदुर्गनं धडका मारल्या, पण तो गोल फिटला नाही. एक-शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईरण्णाच्या हॉटेलात बसायला जागा नव्हती. चहा थंड होत होता आणि माणसं तापत होती. संघातल्या कृष्णराजनं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता.

“पुन्ना लाव,” अमरसिंह म्हणाला.

“सतरा डाव लावलाय, दादा.”

“अठराव्या डावाला लाव. हां, थांबव. बगा, बॉल येतोय कसा. म्हातारी म्हस बी आडवील ह्यो बॉल! आन ह्यो गडी आडवा झाला!”

“झाला न्हाय, मुद्दाम झाला,” कृष्णराज म्हणाला. “दाजी खाली, मेव्हणा वर.”

“सासऱ्याकडनं बुलेट यायची ऱ्हायली व्हती म्हणं.”

“येतीया की आता. पिवळी.”

कुणी हसलं नाही. अमरसिंहानं कप असा आदळला की कपाचा कान उडाला.

“सहा महिने पाटं पाच वाजता उठून पळालोय आमी. डोंगरावर. पायाचं कातडं गेलंय. आन ह्यानं सासुरवाडीला पानसुपारी दिली आमची! चाचा, तुमी बोला. तुमी गोलाच्या जवळच व्हता.”

रसूलभाई आधीच बोलत होता. आल्यापासून तोच सगळ्यांत मोठ्यानं बोलत होता.

“गोली व्हता का देवळाचा दरवाजा?” तो ओरडला. “येईल त्याला आत! आरं, माझ्या दुकानातला जॅक उभा केला आसता तरी बॉल आडला आसता! थू!”

छातीत काहीतरी टोचत होतं, आणि ते जितकं आत जात होतं तितका त्याचा आवाज वर चढत होता. कढईपाशी ईरण्णा भजी उलटी करत त्याच्याकडं बघत होता.

“लई तापलास, रसूल,” तो म्हणाला. “ध्यानात हाय न्हवं? बाजार परवा हाय.”

“हाय ध्यानात! तुझी भजी तळ तू!”

तेवढ्यात बोलणं एकदम थांबलं. दारात दिग्विजय उभा होता. रात्रभर झोपला नसावा. हातमोजे त्याच्या हातात होते, धुतलेले.

“माती वली व्हती,” तो म्हणाला.

“काय?”

“गोलापुढली माती. वरनं कोरडी, खाली वली. पाय ठिवला आन गेला.”

अमरसिंह उठला. “महिना झाला आभाळातनं थेंब न्हाय. हिरीला पाणी न्हाय. आन तुझ्या पायाखालीच तेवढी वली झाली व्हय रं?”

“म्या खोटं बोलत न्हाय, दादा.”

“हाफटाईमनंतर अणदूरचा गोली तिथंच हुबा व्हता. त्यो का न्हाय पडला?”

तोवर ऊन सगळं पिऊन गेलं होतं. ते ठाऊक असलेला एकच माणूस समोरच्या बशीतली मिरची मोडत बसला होता.

“चाचा,” दिग्विजय वळला. “तुमी तिथंच व्हता माइक घिऊन. तुमीच सांगा. वली व्हती का न्हाय?”

कढईतलं तेल तेवढं बोलत होतं. रसूलभाईनं मिरचीचा देठ काढला, बोटानं तो बशीच्या कडेला लावला.

“न्हाय,” तो म्हणाला. “कोरडी व्हती.”

दिग्विजयनं हातमोजे टेबलावर ठेवले, भज्याच्या कागदावर, आणि निघून गेला. पांढऱ्या बोटांत तेल हळूहळू चढायला लागलं.

“ग्रुपातनं काड त्याला,” अमरसिंह म्हणाला.

कृष्णराजनं अंगठा टेकवला. “काडला.”

त्या दिवशी रसूलभाईनं एका ट्रकच्या रिमवर हातोडा मारताना स्वतःच्या अंगठ्यावर मारला. ट्रकवाल्याला शिव्या दिल्या, ट्रकला दिल्या, हातोड्याला दिल्या. तरी कुणीतरी उरल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकिता स्कुटी ढकलत दुकानापाशी आली. दिग्विजयची बायको.

“मागलं चाक बसलंय, चाचा.”

त्यानं मान खाली घालूनच चाक खोललं, ट्यूब ओढली, हवा भरली. ती स्टुलावर बसली नाही.

“कालपासनं म्या नळावर जात न्हाय,” ती म्हणाली. “बाया म्हणत्यात, माह्यारला गोल पाठवला का गं आहेरात. ह्येच जातेत हंडा घिऊन. त्यास्नी बी बोलत्यात. पर ह्ये माघारी येऊन कायच सांगत न्हाईत.”

रसूलभाईनं ट्यूब टबातल्या पाण्यात बुडवली आणि हळूहळू फिरवायला लागला.

“कुणी म्हणलं, सासऱ्यानं पैसं दिलं. माजा बाप कालपासनं दोनदा फोन करून रडला. भाऊ म्हणतोय, म्या बॉल मारलाच न्हाय, नुसता सोडला, दाजी आडवतील म्हणून.” तिचा आवाज चढला नव्हता. पण चावी तिनं इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. “एक इचारू, चाचा? त्यांची पँट म्या धुतली. तीन पाण्यानं धुतली. चिखल निगंना. काळी माती, डिंकावानी बसलीया. सगळं गाव म्हणतंय मैदान कोरडं व्हतं. तुमी बी म्हणलाव म्हणं. मग ह्यो चिखल कुठला?”

पाण्यातून एक बुडबुडा वर आला. मग त्याच्यामागं दुसरा.

“घावलं का?” तिनं विचारलं.

“घावलं.”

चाक बसवून होईपर्यंत ती रस्त्याकडं बघत उभी राहिली, आणि तो नट गरजेपेक्षा जास्त आवळत राहिला.

बाजारच्या दिवशी दहा वाजता रसूलभाई डबा घेऊन निघाला. डबा खरंच घासला होता. ट्यूबच्या पट्टीनं गळ्यात अडकवलेला, हातात टायर काढायची पहार. ईरण्णा दवंडीची चिठ्ठी घेऊन मागं, त्याच्यामागं फिदीफिदी करणारं अर्धं गाव. कांद्याच्या ढिगांपाशी, जिथं चारही गल्ल्या मिळतात, तिथं रसूलभाई थांबला. त्यानं पहार डब्यावर हाणली. माणसं दचकली, मग हसली.

“ऐका हो ऐका!” त्यानं चिठ्ठी वाचली. “नळदुर्ग हारलं, अणदूर जितलं! नळदुर्गच्या पोरांनी हितनं पुढं फुटबॉल सोडावा आन गोट्या खेळाव्यात! आन रसूल पंचरवाल्यानं ईरण्णाच्या भज्याला जनमभर नावं ठिवू नयेत, होऽऽ!”

हशा पिकला. पिशव्या घेतलेल्या बायाही तोंडाला पदर लावून हसत होत्या. ईरण्णानं वाकून सगळ्यांना नमस्कार केला. अमरसिंह मात्र वांग्यांच्या पाटीपाशी हाताची घडी घालून उभा होता, दात आवळून.

रसूलभाईनं चिठ्ठी खिशात घातली. लोक पांगायला लागले. त्यानं पुन्हा डबा वाजवला.

“झालं की!” ईरण्णा म्हणाला.

“ऐका हो ऐका!” रसूलभाईचा आवाज फाटला. त्यानं घसा खाकरला. “सामन्याच्या दिवशी दुपारी बाभळीकडच्या गोलापुढं दोन पिपं पाणी वतलं. वरनं फुफाटा टाकला. अणदूरचा गोली पाडायचा म्हणून. ते म्या केलं. रसूल पंचरवाल्यानं. दिग्विजय खरं बोलला. माती वली व्हती. हाटेलात खोटं म्या बोललो, होऽऽ!”

शेवटचा ‘हो’ कुणाच्याच कानाला दवंडीसारखा लागला नाही. तागडीत टाकलेला कांदा तागडीतच राहिला.

“शब्द फिरवायचा न्हाय, ठरलं व्हतं,” ईरण्णा हळूच म्हणाला.

“फिरवला न्हाय. वाढवला.”

अमरसिंह गर्दी फोडून आला. त्यानं रसूलभाईच्या गळ्यातली पट्टी मुठीत धरली. रसूलभाई हलला नाही. अमरसिंहाची दुसरी मूठ वळत होती, सुटत होती.

“सहा महिने, चाचा,” तो म्हणाला. “सहा महिने.”

पट्टी सोडून तो निघून गेला.

गर्दीच्या टोकाला दिग्विजय पिशवी घेऊन उभा होता. त्यानं रसूलभाईकडं बघितलं नाही. वाकून जुडीतली मेथी निवडायला लागला, एकेक काडी. त्याच्या शेजारची निकिता मात्र पुढं आली. माणसांनी तिला वाट दिली.

“चाचा,” ती म्हणाली, “नळावरच्या बाया बाजारात आल्या न्हाईत. तिकडं येशीपाशी हायेत.”

रसूलभाईनं मान हलवली.

“आन जरा मोठ्यानं सांगा. तवा तुमच्याकडं माइक व्हता. आता नुसता डबा हाय.”

ती पुढं चालायला लागली. रसूलभाईनं गळ्यातला डबा सारखा केला, पहार उचलली आणि तिच्यामागं वेशीकडं निघाला.