शिवशिवणारे हात

घरात तिला सगळे ताईच म्हणत. चुलत, मावस, सख्खी धरून धाकट्यांची पलटण एवढी मोठी, की थोरलीच्या हातांना उसंत म्हणून नव्हती. वेणी घाल, नाक पूस, घास भरव, बूट चढव. म्हणूनच ती बालशिक्षण शिकायला परदेशी निघाली तेव्हा मामा पोट धरून हसला होता. पोरं सांभाळायला कोणी विमानात बसून जातं का, हा त्याचा सवाल. ताईला ते भलतंच झोंबलं. पास होऊनच परत येईन, असं आईला बजावून ती निघाली.

लेखी परीक्षा तिने हां हां म्हणता मारल्या. घोडं अडलं ते बालवाडीतल्या प्रत्यक्ष कामावर. तिथल्या मुलांनाही तिने 'ताई' म्हणायला शिकवलं होतं. बाहेर खेळायला जाताना प्रत्येक मुलाने आपला कोट आणि आपले बूट आपणच घालायचे, अशी तिथली रीत. परीक्षक बाई पहिल्यांदा आल्या त्या दिवशी ताईने अख्ख्या वर्गाला चुटकीसरशी सजवून दारात उभं केलं आणि शाबासकीची वाट पाहत राहिली.

बाईंनी शांतपणे विचारलं, "आज या खोलीत काम कोणी केलं?"

"मी," ताई ताठ मानेने म्हणाली.

"मग मुलं काय शिकली?"

ताई नापास झाली. आता एकच संधी उरली होती. ती हुकली की गाशा गुंडाळायचा आणि मामासमोर जाऊन उभं राहायचं. ती चिडली, भरपूर रडली. मायेला चूक ठरवणारी ही कोण लागून गेली, असंही मनात म्हणून झालं. मग तिला धाकटा भाऊ आठवला. मोठा झाला तरी त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती आणि शाळेत पोरं त्याला चिडवायची. ती नाडी रोज सकाळी कोण बांधत आलं होतं? ताईचा राग तिथेच निवला.

बाई पुन्हा आल्या, कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर कशाबशा मावल्या. बाकीच्या मुलांनी खुडबुड करत कोट-बूट चढवले. उरली एक महाराणी. हे नाव ताईनेच ठेवलेलं, कारण ही बया रोज पाय पुढे करून आरामात बसायची. आजही तिने पाय पुढे केला. ताईने हात मागे बांधले. महाराणीने नाक फुगवलं, शेवटी स्वतःच बूट ओढले, तेही उलट्या पायांत. दाराशी मुलांची चुळबुळ सुरू झाली. ताईचे हात नुसते शिवशिवत होते. दोन क्षणांचं काम, आणि त्यावर सगळं शिक्षण टांगलेलं.

ती जमिनीवर बसली, स्वतःचे बूट काढले आणि मुद्दाम उलटसुलट घातले. मग वर्गभर फेंगडी चालायला लागली. महाराणी आधी बघत राहिली, मग खदखदून हसली.

"अगं ताई, चुकलं तुझं," ती म्हणाली. मग तिने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. हसू थांबलं. ती गुपचूप बसली, बूट काढले, अदलाबदल केली, दात-ओठ खात ओढले आणि उभी राहिली. चेहरा असा, की जणू गड सर केलाय. ताईचे डोळे भरून आले.

मुलं बाहेर पळाली. बाई खुर्चीतून उठून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "पास. आज तुझे हात मला दिसलेच नाहीत."

बूट सरळ करून ताई कोट घालायला लागली, पण आनंदाच्या भरात चेन काही केल्या लागेना. बाईंना राहवलं नाही. त्यांनी मदतीला हात पुढे केला.

तेवढ्यात ताईला बोलवायला परत आलेली महाराणी दारातूनच म्हणाली, "बाई, थांबा. तिचं तिला येतं."

बाईंनी निमूटपणे हात मागे घेतला. बराच वेळ लागला, पण चेन लागली.