एका माणसाला एकच शब्द

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. माझ्यावर कधी कोणी पाढे लिहिले नाहीत, की दंगा करणाऱ्यांची नावेही लिहिली नाहीत. हिंगणघाटच्या एका लहानशा वाचनालयात मी भिंतीवर टांगलेला असे आणि माझ्यावर रोज शब्दकोडे मांडले जाई.

त्याचे कारण असे की वाचनालयात नागपूरहून वर्तमानपत्राचा एकच अंक येई. कोणी घाईचा माणूस त्यातले कोडे पेन्सिलीने भरून टाकी आणि मागून येणाऱ्यांचा पारा चढे. वाचनालय सांभाळणारे अण्णाजी निवृत्त मास्तर होते. त्यांनी तानबा सुताराकडून मला करून घेतले आणि माझ्या अंगावर चौकोनी घरे कोरून घेतली. छापील कोड्यातली काळी घरे माझ्यावर खडूने पांढरी होत. नवखा माणूस त्याने हमखास गोंधळे. मला गंमत वाटे.

अण्णाजींचा नियम कडक होता. एका माणसाला रोज एकच शब्द, तोही स्वतःच्या हाताने लिहायचा. ज्याला आधी सुचेल त्याने उठावे. त्यामुळे संध्याकाळी कापसाचा जिनिंग कारखाना सुटला की माझ्यासमोर झुंबड उडे. आडवा शब्द झोकात बसे आणि त्यानेच उभ्या शब्दाचा विचका होई. मग बाहीने पुसापुशी. "थांबा ना भाऊ, डोक्यात येऊन राह्यला तो शब्द!" असे म्हणून माणसे डोके खाजवीत. उरलेले एखादे रिकामे घर डोक्यात घेऊनच ती घरी जात, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर वाचून कपाळावर हात मारीत.

या सगळ्यांत तरबेज नत्थूजी. ते जिनिंगमध्ये कापूस तोलत. दिवसभर काट्यावर बसून त्यांना संध्याकाळची ओढ लागलेली असे. बाबाराव नावाचा गिरणी कामगार त्यांचा खरा जोडीदार. दोघे एकमेकांच्या तोंडचा शब्द पळवायचे आणि तावातावाने भांडायचे.

एका हिवाळ्यात नत्थूजींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. बोलणे परत येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. काही महिन्यांनी त्यांची पत्नी विमलाबाई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या.

"अण्णाजी, घरी नुसते भिंतीकडे पाहून राह्यतात. जेवा म्हटलं तर जेवत नाईत. इथं बसू द्या त्याईले," त्या म्हणाल्या.

"बसू द्या म्हणजे? हे त्याईचंच घर हाये," अण्णाजी म्हणाले.

तेव्हा वाचनालयाने एक चूक केली. ती मायेपोटी केली, म्हणून कोणाला चूक वाटली नाही. रोज कोड्यातला सगळ्यांत सोपा शब्द सगळे नत्थूजींसाठी राखून ठेवू लागले. कोणी त्याला हात लावत नसे. नत्थूजी डाव्या हाताने तो वेडावाकडा लिहीत आणि सगळे "वा, वा!" म्हणत. नत्थूजींचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत गेला. मी त्यांच्या अगदी समोर होतो, म्हणून मला दिसले.

एके दिवशी बाकी सगळे कोडे भरले आणि एकच शब्द राहिला. "कापसाचे बी, तीन अक्षरी." अण्णाजींनी तो प्रेमाने वाचून दाखवला आणि खडू पुढे केला. सरकी! हिंगणघाटात हे शेंबडे पोरही सांगेल, आणि हा तर जन्मभर कापूस तोललेला माणूस. नत्थूजी उठले. त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिले. सगळे कौतुकाने हसत होते. मग त्यांनी डाव्या बाहीने मला वरपासून खालपर्यंत पुसून काढले.

त्यांना न्यायला आलेल्या विमलाबाई घाबरून दारातून आत आल्या. नत्थूजींचे ओठ कितीतरी वेळ नुसते हलत होते.

"उद्या," ते म्हणाले.

झटका आल्यापासूनचा तो त्यांचा पहिला शब्द. त्याचा अर्थ बाबारावला बरोबर समजला आणि त्याने तो बाकीच्यांनाही सांगितला. दुसऱ्या दिवशी कोणी काही राखले नाही. एका अवघड शब्दावर सगळे अडले असताना नत्थूजींचे डोळे चमकले. ते काठीवर भार देऊन उठू लागले. तेवढ्यात बाबाराव उडी मारून पुढे झाला आणि त्याने तो शब्द लिहून टाकला.

"लबाड!" नत्थूजी ओरडले. "लबाड साला!"

"मंग लवकर उठत जा ना!" बाबारावने तितक्याच जोरात सुनावले.

त्या दिवशी नत्थूजींना एकही शब्द मिळाला नाही. घरी जाऊन त्यांनी पोटभर भाकर खाल्ली, असे विमलाबाई दुसऱ्या दिवशी सांगत होत्या.

आता वाचनालयात दोन अंक येतात आणि मी मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. माझे काही मागणे नाही. पण मित्रांनो, तुमच्या खेळातला कोणी आजारी पडून परत आला, तर त्याला हात धरून आणा, बसायला जागा द्या, आणि मग त्याच्याशी नेहमीसारखे भांडा.