धरलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुना, करड्या रंगाचा लोकरीचा कोट आहे. कॅनडात, मिसिसागा शहरातल्या एका घरात, दाराजवळच्या कपाटात मी टांगलेला असतो. माझ्या कॉलरवर चिंचेच्या चटणीचा डाग आहे. उजव्या बाहीवर, मनगटाच्या जरा वर, चार बोटं रुंद एवढी लोकर झिजून गेली आहे. डागाची मला किळस येते. झिजलेल्या जागेचं पुढे सांगतो.

माझा जन्म मॉन्ट्रियलच्या एका कारखान्यात झाला. माझी बटणं एका बाईने दुहेरी दोऱ्याने लावली, त्यातलं एकही अजून तुटलेलं नाही. चारुदत्त आणि यामिनी नागपूरहून इथे आले, त्यांच्या पहिल्याच हिवाळ्यात यामिनीने मला सेलमधून उचललं.

"हा घाल. थोडा मोठा आहे, पण आत स्वेटर मावेल."

"मी यात अस्वल दिसतो," चारुदत्त म्हणाला.

"इथे अस्वलंच टिकतात."

मला वाटलं, बर्फात माणसाला जपायचं, हेच आपलं काम. पहिली दोन वर्षं मी ते चोख केलं. मग मला दुसरं काम लागलं, आणि त्याचा मला आजही वीट येतो.

यामिनीला गाण्याचं वेड होतं. भारतातून गायक-वादक यायचे. कधी शाळेच्या ऑडिटोरियममध्ये, कधी देवळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम व्हायचे. खुर्च्यांना नंबर नसायचे. दार उघडलं की आपली माणसं धावत सुटायची आणि जागा धरायची. एका खुर्चीवर शाल, दुसरीवर पर्स, तिसरीवर नुसता कार्यक्रमाचा कागद. चांगली शिकलेली माणसं पर्स फेकून जागा अडवताना मी पाहिली आहेत.

चारुदत्त दारातच मला काढून यामिनीच्या हातात द्यायचा. "हा टाक शेजारी. मी आलोच."

आणि तो बाहेर चहाच्या टेबलाकडे जायचा. तिथे त्याचे मित्र राजन आणि उन्मेष उभे असायचे. कोणाचा घर तापवणारा फर्नेस बंद पडला, कोणी कुठले विंटर टायर घेतले, पलीकडच्या वॉन शहरात कोणी घर घेतलं. दार उघडलं की त्यांचं हसणं आत यायचं आणि गायिकेच्या आलापावर पडायचं. ते हसणं मला आठवलं की अजून शिसारी येते.

'आलोच' म्हणजे मध्यंतरानंतर. पुष्कळदा तर भैरवी चाललेली असताना, लोक बूट चढवत असताना.

म्हणून ते सगळे कार्यक्रम मी ऐकले, मित्रांनो. तिसऱ्या रांगेत, खुर्चीवर बसून. हीटरच्या कोरड्या हवेत तबल्याचा सूर सारखा चढायचा आणि तबलजी हातोडी खाली ठेवायचाच नाही, ते मी पाहिलं. एका दुपारी बर्फाच्या वादळात वीज गेली. माइक बंद पडला. सर्दी झालेली एक म्हातारी गायिका मंचाच्या अगदी पुढे येऊन बसली आणि तशीच गात राहिली. दोनशे माणसं होती, कोणी खोकलंसुद्धा नाही. चारुदत्त तेव्हा पार्किंगमध्ये गाडीवरचा बर्फ खरवडत होता.

पण दर वेळी असं नसायचं. चिप्सची पाकिटं फोडणारे, फोन उंच धरून मागच्यांचा मंच झाकणारे, गाणं चालू असताना मुलांना समोसा भरवणारे, सगळे माझ्या आजूबाजूला असायचे. एका मध्यंतरात चारुदत्त प्लेट घेऊन आला आणि ती त्याने माझ्यावरच ठेवली.

"अरे, कोट," यामिनी म्हणाली.

"धुता येतो."

डाग गेला नाही.

एकदा मिसिसागातल्या शाळेच्या ऑडिटोरियममध्ये एक काठीवाले आजोबा आले. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "इथे कोणी आहे का?" यामिनीने दाराकडे पाहिलं. "हो काका, येताहेत." आजोबा भिंतीला टेकून उभे राहिले. दीड तास. चारुदत्त आला तेव्हा टाळ्या चालल्या होत्या. मी निर्जीव वस्तू आहे, पण त्या दिवशी मला स्वतःची घाण वाटली.

सुरुवातीला यामिनी दर पाच मिनिटांनी दाराकडे वळून पाहायची. पुढे तिने ते सोडलं. तिचा हात माझ्या बाहीवर यायचा आणि चार बोटांनी ती ताल धरायची. समेवर जरा दाबायची. गाण्यातली एखादी जागा फार सुंदर आली की माझ्याकडे वळून हळूच म्हणायची, "वा." कोटाला.

मागच्या वर्षी रिचमंड हिलला शेवटचा कार्यक्रम झाला. केमोमुळे तिने डोक्याला स्कार्फ बांधला होता.

"आज बस ना माझ्याजवळ," ती म्हणाली.

"बसतो. राजनला भेटून आलोच."

तो आला तेव्हा मंचावरचे लोक माइकच्या वायरी गुंडाळत होते. ती चिडली नाही. गाडीत एवढंच म्हणाली, "आता या कोटालासुद्धा राग ओळखता येतात. कार्यक्रम कसा झाला ते त्याला विचारत जा."

तो हसला. मार्चमध्ये ती गेली.

उन्हाळ्यात त्यांची मुलगी ईशानी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने फोन ठेवला. कपाटाचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, आई आणि तू इतक्या कॉन्सर्ट्सना गेलात. सांग ना. माझा अथर्व मोठा झाला की त्याला ऐकवीन. आय एम रेकॉर्डिंग."

"पार्किंग फार लांब असायचं," चारुदत्त म्हणाला.

"ओके. अँड?"

"समोसे गार असायचे."

"बाबा, द म्युझिक. आईला काय आवडायचं? व्हॉट डिड शी से?"

त्याने फोन तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "बंद कर ते."

पंचवीस वर्षांतलं त्याच्यापाशी एवढंच होतं. पार्किंग आणि समोसे. बाकीचं माझ्यापाशी होतं, आणि मला तोंड नाही.

तो उठून कपाटाशी आला. मला बाहेर काढून उलटंपालटं केलं. ईशानीने बाही पाहिली. "कसर लागलीये. थ्रो इट आउट, बाबा."

त्याने झिजलेल्या जागेवर आपली चार बोटं ठेवली. ती तिथे बरोबर बसली. "कसर नाही ही," तो म्हणाला आणि मला परत टांगलं.

ऑक्टोबरमध्ये मिसिसागातल्या त्याच शाळेत कार्यक्रम होता. चारुदत्त दार उघडायच्या आधी जाऊन उभा राहिला. तिसऱ्या रांगेत बसला. आणि मित्रांनो, जुन्या सवयीने त्याने मला अंगावेगळं केलं आणि शेजारच्या खुर्चीवर टाकलं.

पांढऱ्या केसांची एक दाक्षिणात्य बाई काठी टेकत आली. "इज समवन सिटिंग हिअर?"

"येस," तो म्हणाला. "शी इज कमिंग."

बाई मान हलवून भिंतीकडे गेल्या. आजोबा उभे होते, तीच भिंत. मला इतकी किळस आली की तेवढी चटणीच्या डागाचीही कधी आली नव्हती. जिवंत असताना तिच्या शेजारी कोट बसवला, आणि आता तिच्या जागीही कोटच.

दारातून राजनने हाक मारली. "चारू, चल रे, चहा झालाय."

"तू घे."

"अरे, सुरू व्हायला वेळ आहे. ये ना."

"नाही येत."

तो उठला, पण दाराकडे गेला नाही. भिंतीशी जाऊन म्हणाला, "मॅडम, प्लीज सिट. नोबडी इज कमिंग." मला उचलून त्याने मांडीवर घेतलं.

गाणं सुरू झालं. त्याचा हात माझ्या बाहीवर आला. ताल त्याला येत नव्हता, नुसतं चुकत होतं. बाई आपल्या गुडघ्यावर ताल धरत होत्या. तो त्यांच्या हाताकडे पाहून धरू लागला. बऱ्याच वेळाने एकदा समेवर त्याची बोटं बरोबर पडली. त्याने शेजारी वळून पाहिलं. मग पुन्हा समोर पाहू लागला.

घरी आल्यावर बूटही न काढता त्याने ईशानीला फोन लावला. "अथर्वसाठी सांगतो, रेकॉर्ड कर. पण माझ्याकडे एकच कार्यक्रम आहे."

मित्रांनो, मला ब्रश करा, डांबराच्या गोळ्या घाला, बर्फात खुशाल वापरा. तेवढ्यासाठी मी शिवला गेलो. पण कोणाच्या शेजारच्या खुर्चीवर मला टाकून जाऊ नका. तिथे कोट बसू शकत नाही. मी पंचवीस वर्षं बसून पाहिलं आहे.