साठ छोटे ग्लास

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, चर्चमध्ये, प्रभुभोजनाला छोटे ग्लास आणले ते मी. काचेचे, अंगठ्याएवढे, साठ नग, आणि ते ठेवायला भोकं पाडलेली लाकडी थाळी. त्याआधी प्रभूच्या नावाचा द्राक्षारस सगळे एकाच पेल्यातून प्यायचे. मी महिला मंडळात उभी राहिले आणि सांगितलं, बायांनो, कुणाला खोकला, कुणाचं तोंड आलेलं, हे काही बरं नव्हे. सगळ्या हो म्हणाल्या. मला नाही म्हणायची अख्ख्या दिवा गावात कुणाची टाप नव्हती, आजही नाही.

तेव्हापासून अठरा वर्षं महिन्याचा पहिला रविवार माझा. मनुका भिजवून, उकळून द्राक्षारस मी करायचा, ग्लास मी धुवायचे, मी पुसायचे, मी भरायचे. पुढे हॉलमध्ये गाणी, उपदेश, सगळं चालू, आणि मी मागे मोरीपाशी. माझा ग्लास तिथेच उभ्याने घशात ओतायची, औषध घ्यावं तसा, आणि रिकामी थाळी कधी येते ते बघत राहायची. एखादा फुटला तर त्या माणसाचं नाव मला महिनाभर लक्षात. लोक म्हणायचे, शांताबाईंची सेवा बघा. मलाही ती सेवाच वाटायची. उपदेश कशावर झाला असं कुणी विचारलं असतं तर एक शब्द सांगता आला नसता. पण मला विचारतंय कोण.

मागच्या मार्चमध्ये पहिला रविवार उजाडला तेव्हा तीन दिवस नळाला पाणी नव्हतं. दिव्यात त्याचं कुणाला नवल नाही. मी टँकर सांगून ठेवलेला, तो शीळफाट्याला अडकला. ड्रायव्हर फोनवर नुसता अर्धा तास, अर्धा तास करत राहिला. ग्लास महिनाभर पेटीत, धूळ बसलेली. सुनेला, दीप्तीला, विकतच्या बाटल्या आणायला पिटाळलं, तर दुकानं रिकामी. ती अक्कल सगळ्यांना आमच्या आधी सुचलेली.

पाळक, म्हणजे आमचा पाद्री, विनीत नवा आलेला, तिशीचा पोरगा. तो म्हणाला, मावशी, राहू द्या, जुना पेला आहे ना कपाटात, आज त्यातूनच देतो, एक पेला धुवायला तांब्याभर पाणी पुरे. मी म्हटलं, आणि लोकांनी एकमेकांचं उष्टं प्यायचं का? तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही आज बसा, मावशी."

बसा म्हणे. बसायला जागा हवी ना. अठरा वर्षं जिला खुर्ची लागली नाही तिच्यासाठी कोण खुर्ची धरून ठेवणार? हॉल भरलेला. एकच खुर्ची रिकामी, ती रंभाच्या शेजारची. ती नेहमीच रिकामी असते.

रंभा मागच्या चाळीत राहते. बिल्डिंगींचे जिने झाडते, कचरा उचलते. मी पदर आवरून बसले. हात कुठे ठेवावे कळेना. मांडीवर ठेवले, उचलले, पर्स उघडली, बंद केली. पंख्याचं एक पातं वाकडं होतं ते पाहिलं. मोरीतला नळ मी उघडाच ठेवून आले होते, पाणी आलं तर कळावं म्हणून. माझा सगळा जीव त्या नळात. पाळक सांगत होता, आपापलं मन तपासा. म्हटलं, चला, आपणही प्रार्थना करू. डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. रिकाम्या पिंपात तोंड घालून हाक मारावी तसा माझाच आवाज मला परत. महिला मंडळात मी पंधरा पंधरा मिनिटं प्रार्थना करते, बाया रडतात. आणि इथे दोन शब्द येईनात.

भाकर वाटून झाली, पेला निघाला. पहिल्या रांगेतून हातोहात मागे येऊ लागला. तेवढ्यात मोरीत नळ खाकरला. पाणी आलं. पहिल्यांदा हवा, मग धार, बादलीत पडतानाचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मला तर देवदूतच आल्यासारखं वाटलं. दहा मिनिटांत ग्लास धुऊन आणते, पाळकाला थांबायला सांगते. मी खुर्चीतून अर्धी उठले.

रंभाने पाय आत घेतले. मला जायला वाट दिली. वर बघितलंसुद्धा नाही. जशी काही मी उठणार हे तिला सकाळपासून ठाऊक होतं.

मी खाली बसले. आता खरं ते सांगते. रंभाचा बाप्तिस्मा झाला आणि पुढच्याच महिन्यात मी ग्लास आणले. खोकलाबिकला काही नव्हतं.

पेला तिच्या हातात आला. तिने तोंडाजवळ नेला, मान झुकवली, पदराने काठ पुसला आणि माझ्यापुढे धरला. हळूच म्हणाली, "बाई, मी ओठ नाही लावला. तुम्ही घ्या."

माझा आजा नगरकडचा. गावात त्याला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत, शिंतोडा उडू नये म्हणून बेताने. माझा बाप हे सांगताना रडायचा. त्या ओंजळीपायी आम्ही प्रभूकडे आलो, आणि त्याच्याच मेजावर मी ही बाई अठरा वर्षं तहानेली ठेवली, साठ ग्लास भरभरून. आज ती माझ्यासाठी स्वतःचा घोटही सोडत होती.

मी पेला घेतला नाही. तिच्याकडेच परत सारला. म्हटलं, "तू आधी पी, रंभा."

ती पाळकाकडे बघू लागली. मागची रांग खोळंबली. मी म्हटलं, "त्याच्याकडे काय बघतेस? मी सांगतेय ना. पी."

ती प्यायली. मग मी प्यायले, तिने ओठ लावला तिथेच ओठ लावून. मनुकांचा रस मीच केलेला, साखर जास्त पडलेली, ते मला पहिल्यांदा कळलं. पुढे पेला कुणी घेतला ते मला ठाऊक नाही. गाणं सुरू झालं. मला गाणी पाठ आहेत. रंभा बेसूर गाते. मी तिच्या सुरात सूर घातला, माझाही काही धड लागला नाही, तरी गात राहिले. बादली भरून वाहत होती. उठून नळ बंद केला तो दीप्तीने.

लोक पांगले. दीप्ती पेटी उचलायला आली, म्हणाली ग्लास धुऊन ठेवू का. तिला मी सांगून टाकलं ते कशासाठी आणले होते.

"ठाऊक आहे, आई," ती म्हणाली. "सगळ्यांनाच ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तुम्हाला कोण बोलणार?"

हॉलमध्ये पोरं खुर्च्या रचत होती, माझीच तेवढी राहिली होती. दीप्ती म्हणाली, चला, भात टाकायचाय, राकेश उपाशी असेल. राकेश म्हणजे माझा मुलगा, चाळीस वर्षांचा घोडा. मी तिला म्हटलं, त्याला हात आहेत.

"तू हो पुढे," मी म्हटलं. "माझी उपासना अजून झाली नाही."