अडकलेले पैसे

"आणि पैसे मध्येच लागले तर?" भिंगवाल्याच्या बायकोने काउंटरवर वाकून विचारलं.

"तर ठेव मोडायची. व्याज थोडं कमी मिळेल, मुद्दलाला धक्का नाही," बँकेतली बाई म्हणाली. "वर्षभरच ठेवायचेत ना? मग बचत खात्यात नुसते कशाला पडू देता?"

भिंगवाल्याने मान डोलावली. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासण्यात त्याचा जन्म गेला होता. व्याजाबिजातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. शिवाय पैसे बायकोचे. तिच्या आईचं घर विकलं, त्यातला तिचा वाटा. वर्षभराने नव्या इमारतीतली एक खोली तयार होणार होती, त्या खोलीसाठी राखलेले. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी दोघं थोरल्या भावाच्या घरी स्वयंपाकघरात अंथरूण टाकत होते. कुणाला पाणी प्यायचं असलं की त्याने दाराशी आधी खोकायचं, मग आत यायचं.

महिना उलटला नाही तोच दादाच्या टेम्पोचं इंजिन बसलं.

"तुझ्याकडे आहेत ना रे?" दादा जेवताना म्हणाला. "चार महिन्यांत देतो."

दादा माणूस सोन्यासारखा, पण त्याचे चार महिने भलतेच लांब. मागे टायरसाठी घेतलेले परत यायला तीन वर्षं लागली होती. बायकोने ताटातून मान वर केली नाही, पण तिचा घास हातातच थांबला. भिंगवाला बोलून गेला, "अरे दादा, ते अडकलेत. वर्षभर हात लावता येत नाही. नियमच आहे त्यांचा."

"हात्तिच्या! मग राहिलं," दादा म्हणाला आणि त्याने पाणी मागितलं.

बस, एवढंच. वाद नाही, रुसवा नाही. भांडला असता तर बरं झालं असतं हो! दुसऱ्या दिवसापासून दादा उतारवयात दुसऱ्याचा टेम्पो रोजावर चालवायला लागला. त्याचा स्वतःचा गल्लीच्या तोंडाशी धूळ खात उभा. कामावर जाताना भिंगवाला पलीकडच्या फुटपाथने जायचा. वर वहिनी शेजारणीला सांगायची, "आमच्या भाऊजींचे पैसे बघा कसे अडकवून ठेवलेत मेल्यांनी!" हे ऐकलं की तो चपला अडकवून बाहेर पडायचा.

आठव्या महिन्यात बिल्डरच्या माणसाचा फोन आला. खोली लवकर तयार झाली आहे, शनिवारपर्यंत उरलेले पैसे भरा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. तो माणूस फोनवर एवढ्या मोठ्याने बोलत होता की सगळ्या घराने ऐकलं.

"बघतो," एवढंच भिंगवाला म्हणाला.

बायकोने त्याला जिन्यात गाठलं. "सांगून टाका. नाहीतर मी सांगते. मला ती खोली हवीय हो. बावीस वर्षं दिवा मालवून कपडे बदलतेय मी."

"कुठल्या तोंडाने सांगू? त्याचा टेम्पो उभा आहे तिथे."

"मग जाऊ द्यायची खोली?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्यानेच खणलेली.

शुक्रवारी संध्याकाळी दादाने हाक मारली. वहिनी मोरीपाशी बसून, मनगटाला साबण लावून सोन्याच्या बांगड्या काढत होती. एक निघाली होती, दुसरी काही केल्या निघत नव्हती.

"ह्या गहाण टाक," दादा म्हणाला. "तुझे पैसे सुटले की सोडवून आण. चार महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

"अरे, पण तू टेम्पोसाठी..."

"टेम्पोसाठी मी हिच्याकडे मागितल्या नाहीत. टेम्पो काय, आज ना उद्या होईल. खोली गेली की गेली."

घ्याव्यात तर मेल्याहून मेल्यासारखं, नको म्हणावं तर कारण काय सांगणार? बायकोने भिंगवाल्याकडे पाहिलं. एकदा, दोनदा. मग तीच पुढे झाली आणि तिने जावेचा हात धरला.

"नका काढू, ताई. पैसे अडकलेले नाहीत. कधीच नव्हते."

वहिनीने नळ बंद केला. दादा धाकट्या भावाकडे बघत राहिला. आता हा शिवी हासडेल, थोबाडीत ठेवून देईल, असं भिंगवाल्याला वाटलं. खरं तर त्याला तेच हवं होतं.

दादाने निघालेली बांगडी उचलली, सदऱ्याला पुसली आणि वहिनीच्या हातात परत चढवली.

"शनिवारी बँक लवकर बंद होते," तो म्हणाला. "सकाळीच जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीची किल्ली मिळाली. बायको झाडून घ्यायला तिथेच थांबली आणि भिंगवाला सामान न्यायला एकटा परत आला. दादाचं दार सताड उघडं होतं. आत दादा वहिनीशी काहीतरी बोलत बसला होता. भिंगवाला बाहेर चप्पल काढून उभा राहिला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने त्या दाराची कडी वाजवली.