रुखमाबाईचा नाताळ

अल्लीपुरातल्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत नाताळचं जेवण रुखमाबाईनंच करायचं, हे ठरूनच गेलं होतं. बारा वर्षं ती चर्चमागच्या टिनाच्या शेडमध्ये पहाटेपासून वांग्याची भाजी आणि भात रांधायची. उपासना तिच्या कानावर पडायची ती भिंतीपलीकडून.

यंदा मात्र पंचवीस डिसेंबरच्या सकाळी ती धुतलेलं लुगडं नेसून थेट आत आली आणि सतरंजीवर अगदी पुढं बसली. तरुण पाळक दुर्गेश गोंधळला.

"मावशी, चूल नाई पेटवली? काऊन, तब्येत बरी नाई का?"

"तब्येत ठणठणीत हाये," ती म्हणाली. "पण ज्याचा जनमदिवस, त्याच्यापाशी मी बारा वर्सांत एकदाबी बसली नाई. आज मले बसू द्या."

 दुर्गेश सगळ्यांकडं वळून म्हणाला, "आज आधी उपासना. सैपाक मंग आपण समदे मिळून करू."

गाणी सुरू झाली. तिसरं कडवं रुखमाबाईला येईना. एरवी त्या वेळी तिच्यापुढं फोडणी तडतडत असायची. शेजारची दामिनी एकेक ओळ तिच्या कानात सांगत गेली आणि ती मागून म्हणत गेली. प्रार्थनेत तिनं काहीच मागितलं नाही. नुसती हात जोडून बसली, आणि तिला फार बरं वाटलं.

नंतर बायकांनी वांगी चिरली, पुरुषांनी लसूण सोलला. भात खाली लागला, जेवायला तीन वाजले, तरी कुणी कुरकुरलं नाही. रुखमाबाई पहिल्यांदाच सगळ्यांसोबत पंगतीत बसली आणि तिनं दोनदा भाजी मागून घेतली.